निळा लिटमस लाल झाला नाही, म्हणजे आमच्याकडे आम्ल पाऊस नाही असं समजायचं का?

विज्ञान_मूल: मी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आम्ल पावसाचा धडा झाल्यावर मुलांनीच हट्ट धरला, आपला पाऊस तपासू. पन्हळीखाली बादली ठेवली, निळा लिटमस बुडवला, रंग जसाच्या तसा. मुलांनी लगेच वहीत लिहिलं, 'आपल्या गावात आम्लवर्षा होत नाही.' चंद्रपूरचं कोळशावरचं औष्णिक वीज केंद्र इतकं जवळ असताना मला हे पटत नाही. मुलांना काय सांगू?

जुना_माती_तपासनीस: ताई, शाळेचं छप्पर कशाचं आहे? आणि पाणी पहिल्या पावसाचं की झड लागल्यावरचं?

विज्ञान_मूल: सिमेंटचे पत्रे आहेत सर. मृगाचा पहिलाच पाऊस होता.

जुना_माती_तपासनीस: मग ते पाणी पावसाचं राहिलंच नाही. सिमेंटमध्ये चुना असतो, वर साचलेली धूळ वेगळी. पावसात क्षार जवळपास नसतात, चिमूटभर धुळीनेही त्याचा पीएच हलतो. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा: 7 च्या जितका खाली तितकं आम्ल जास्त, एक अंक खाली म्हणजे दहापट. शिवाय लिटमस या कामाचा नाही. तो 4.5 च्या खाली नीट लाल होतो आणि 8.3 च्या वर नीट निळा. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा कार्बन डायऑक्साइडमुळे 5.6 च्या आसपास असतो. 4.8 चा पाऊस त्याच्या सहापट आम्ल झाला, पण लिटमस तो धड दाखवणार नाही.

आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, असं नेहमी सांगतात. खरंच आहे ते. पण हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. एक टन कोळशात 5 किलो गंधक, जळल्यावर त्याचा 10 किलो सल्फर डायऑक्साइड. 500 मेगावॉटचा एक वीजनिर्मिती संच पूर्ण भाराने चालला की तासाला 300 टनांच्या वर कोळसा लागतो. म्हणजे ताशी तीन टन वायू, तोही एका संचाचा. चंद्रपूरची क्षमता 2920 मेगावॉट आहे. या वायूचं आम्ल चिमणीत होत नाही, वाऱ्यावर जाताना होतं, त्याला काही तास ते काही दिवस लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा आणि मूल चंद्रपूरच्या पूर्वेला. तुमची शंका रास्त आहे.

मग पाऊस आम्ल का लागत नाही? धुळीमुळे. राजुरा-कोरपना पट्टा चुनखडीचा, सिमेंट कारखानेही तिथेच, त्यात उन्हाळभर शेतांतून उडालेली माती. पोटातल्या आम्लपित्ताला सोडा मारतो तसं ही धूळ गंधकाचं आम्ल हवेतच मारते. मृगात ती भरपूर असते. झड लागून हवा धुतली गेली की कमी पडते, वायू मात्र रोज येतच राहतो. म्हणून खरी मोजणी ऑगस्टातली.

वर्गात एक करून पाहा. एका बशीत कन्हार, म्हणजे काळ्या भारी जमिनीतली मूठभर माती घ्या, त्यातले पांढरे चुनखडे काढू नका. दुसरीत टेकाडावरची मुरमाड. दोन्हींवर प्रयोगशाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब टाका. कन्हार मातीत चुर्र आवाज होतो, खड्यांभोवती पांढरा फेस चढतो. मुरमाडीत थेंब नुसता जिरतो. जिथे फेस नाही, तिथे आलेलं आम्ल मातीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतं आणि ॲल्युमिनियम मोकळं करतं. ते मुळांना बाधतं, आणि बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात उतरलं तर माशांच्या कल्ल्यांवर बसतं. मुलांना पावसाबरोबर जमीनही तपासायला लावा. आपली माती किती आम्ल पचवू शकते, हे कळल्याशिवाय वहीतलं ते वाक्य पुरं होत नाही.

एक गोष्ट मनाला फार लागते, म्हणून लिहितो. धुरातलं गंधक काढायची यंत्रणा बहुधा चुनखडीवरच चालते आणि तिच्यातून निघणारा जिप्सम सिमेंटला लागतो. चुनखडी आपल्या जिल्ह्यात, सिमेंटही आपल्या जिल्ह्यात. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली, मग मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक संचांना या यंत्रणेतून सूट मिळाली. हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे, हे एक कारण दिलं जातं. पण हाच वायू पुढे सल्फेटचे सूक्ष्म कण होऊन श्वासात जातो किंवा पावसात उतरतो, आणि वायू मोजणाऱ्या यंत्रात ते कण येत नाहीत. मला ही सूट चुकीची वाटते.

नागपूर_ते_स्वीडन: इथली उलट परिस्थिती सांगते. जमिनीखाली बहुतेक ग्रॅनाइट, मातीत चुना नाहीच. धूर ब्रिटन-जर्मनीकडून यायचा आणि हजारो तळी आम्ल होऊन मासे संपले. 1970 च्या दशकापासून सरकारी खर्चाने तळ्यांत चुनखडीची पूड टाकतात, रस्ता नसेल तिथे हेलिकॉप्टरने. युरोपातलं गंधक ऐंशीच्या दशकापासून खूप घटलं, तरी पूड टाकणं थांबलेलं नाही. मातीतून वाहून गेलेलं कॅल्शियम परत भरायला कित्येक दशकं लागतात.

धानवाला_सिंदेवाही: मग मी धानाच्या बांधीत चुना टाकू का?

जुना_माती_तपासनीस: दादा, माती तपासल्याशिवाय नको. बांधीत पाणी साचलं की आम्ल जमिनीचाही पीएच आपोआप सातच्या जवळ सरकतो, म्हणून धान सहसा निभावतं. पाणी उतरलं की आम्लता परत येते, तेव्हा त्रास हरभऱ्याला. आणि वर्षानुवर्षं टाकलेला युरिया पावसापेक्षा जास्त आम्लता आणतो, तोही बेतानं वापरा. धान निघून बांधी सुकली की नमुना द्या. 5.5 च्या खाली आला तर चुन्याचं बघू.

विज्ञान_मूल: मुख्याध्यापकांनी पीएच मीटरला होकार दिलाय! मोजायचं कसं?

जुना_माती_तपासनीस: छान झालं. प्लास्टिकचा डबा डिस्टिल्ड वॉटरने धुवा, झाडांपासून लांब, उघड्यावर उंच स्टुलावर ठेवा. झाकण पाऊस सुरू झाल्यावरच काढा आणि थांबला की लगेच मोजा. मीटर आधी 4 आणि 7 च्या द्रावणावर लावून घ्या. पावसात क्षार कमी, म्हणून आकडा स्थिरावायला वेळ लागतो, मुलांना घाई करू देऊ नका. पहिले पाऊस आणि झडीतले पाऊस वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, वाऱ्याची दिशाही टिपा. आकडे इथेच टाका. हवामान खातं नागपूरला पावसाचं रसायन मोजत आलंय, त्या आकड्यांशी ताडून पाहू.