मदत हवी आहे: जि. प. शाळेत मुलामुलींना एकच गणवेश, ठराव कसा मांडू आणि पँट कशी बेतू?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. घरी शिवणकाम करते, थोडं वावर आहे, आणि यंदा जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. लेक सातवीत. आमच्या वस्तीपासून शाळा अडीच किलोमीटर, ती सायकलनं जाते.

दिवाळीनंतरची गोष्ट. नाल्याच्या उतारावर तिच्या ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं, तारांना गुंडाळलं आणि पोरगी गळ्यानं मागं ओढल्या गेली. मागून बैलबंडी घेऊन एक काका येत होते, त्यांनी विळ्यानं ओढणी कापली. गळ्यावर लाल वळ आठ दिवस होता. मी रोज रात्री ती झोपली की बॅटरी लावून बघायची.

घरात आणि शेजारी सगळ्यांचं एकच: सायकल बंद करा. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात हाय, कायले पाह्यजे सायकल?" ओढणी बंद करा असं एकानंही म्हटलं नाही. सायकल बंद म्हणजे पायी जाणं, आणि पुढं आठवीला दुसऱ्या गावी जायचं तेव्हा शाळाच बंद. आमच्या वस्तीतल्या दोन पोरींचं असंच झालं.

आमच्याकडे गणवेश असा: चौथीपर्यंत मुलींना फ्रॉक, पाचवीला स्कर्ट, पुढं सलवार-कमीज-ओढणी. मुलांना हाफपँट. कवायतीच्या तासाला स्कर्टवाल्या मुली गुडघे आवळून बसतात, उडी मारायला उठत नाहीत. मुलांचंही बरं नाही, थंडीत सकाळच्या शाळेला येतात तेव्हा पिंढऱ्या फुटलेल्या असतात आणि धुऱ्यावरून चालून पायाला कुसळं टोचलेली. मला वाटतं सगळ्यांनाच फुलपँट आणि शर्ट द्यावा. एकच कापड, एकच रंग.

शाळेतल्या मॅडमनी केरळचं सांगितलं. एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलामुलींना सारखाच शर्ट आणि थ्री-फोर्थ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या सरकारी शाळेत अकरावीला पँट-शर्ट सुरू झाला. मी हे समितीत बोलले तर एक सदस्य म्हणाले, "केरळचं इथं नोका आणू बाई. पोट्ट्याइचे कपडे पोरीले घालून का करता?" बाकीचे गप्प. बायाही गप्प, त्याचं मला जास्त लागलं.

माझे प्रश्न:

पहिला, हे ठरवायचा अधिकार समितीला आहे ना? मधे २०२४-२५ ला गणवेशाचं वरून, राज्य सरकारकडून ठरलं होतं. डिसेंबर २०२४ च्या निर्णयानं ते परत समितीकडे आलं असं मुख्याध्यापक सांगतात.

दुसरा, पैसे. सरकारकडून एका मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये, म्हणजे एका जोडाला ३००. सलवार-कमीज-ओढणीपेक्षा पँट-शर्टला कापड कमी लागतं हे मला कापताना दिसतं, पण चेन, हूक, खिसे यात शिलाईचा वेळ जातो. कोणी एवढ्यात बसवलं आहे का?

तिसरा, बेत. मुलांच्या पँटचा बेत सहावी-सातवीच्या मुलींना सीटवर तंग बसतो आणि खाली बसलं की मागून कंबर उघडी पडते. तशी पँट दिली तर पोरी पहिल्याच दिवशी नको म्हणतील, आणि लोकांना आयतं कारण मिळेल. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वेळ आहे.

प्रतिसाद: निवृत्त गुरुजी, वर्धा

ताई, मुख्याध्यापक बरोबर सांगतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या समितीत तेवढ्या आहेत का, ते आधी बघा. सभेच्या आधी त्या बायांना घरी जाऊन भेटा, सभेत एकदम बोलणं त्यांना जड जातं.

ठरावात "मुलींना मुलांचा गणवेश" असं कुठंही लिहू नका. "सर्व विद्यार्थ्यांना शर्ट व फुलपँट" एवढंच. ज्यांना लांब बाह्या, डोक्याला रुमाल हवा त्यांना मोकळीक ठेवा. बालुश्शेरीलाही ती होती, तरी काही मुस्लिम संघटनांनी विरोध केला, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं सक्ती करणार नाही असं सांगितलं. सक्तीचा वास आला की माणसं अडतात. प्रोसिडिंगमध्ये सूचक-अनुमोदक दोन्ही महिला असल्या तर उत्तम.

प्रतिसाद: शिवणकाम, अकोला

मुलांचा बेत घेऊच नका. सीटचं माप सगळ्यात रुंद जागी घ्या, त्यात ४ इंच लूज. मागचं आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग, पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त कापा, मग बसल्यावर कंबर उघडी पडत नाही. पुढून साधी पट्टी, मागून इलास्टिक. चेन-हूक नकोच, लहान लेकरांना संडासात उघडत नाही. खाली ३ इंच मुरड ठेवा, वर्षभर उसवून लांब करता येते. शर्ट थोडा लांब ठेवा, सीट झाकली की आयाही बोलत नाहीत. रंग गडद निळा, सातवीच्या पोरींना पाळीच्या दिवसांत धाकधूक राहत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गुरुजी, समितीत बाया निम्म्या आहेत, मोजल्या. चौघींकडे जाऊन आले. एक म्हणाली, "मले आधीपासून वाटते, पण इचारलं कोणी?" तीच अनुमोदक व्हायला तयार आहे.

उरलेल्या टेरिकॉटची एक पँट अकोल्याच्या ताईंनी सांगितली तशी बेतली. मागचं आसन पावणेदोन इंच जास्त धरलं, बसली व्यवस्थित. लेकीनं ती घालून अंगणात सायकलवर चार चकरा मारल्या, मग उतरून म्हणाली, "आई, खिसा एकच आहे. दुसऱ्या बाजूला पण लाव, पॅड ठेवायला." तिला आजवर शाळेच्या कपड्यात खिसा नव्हताच, हे मी शिवणारी असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोन्ही बाजूंना लावते आहे, खोल.

हीच पँट सभेत दाखवायला नेणार. सभा येत्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. कोणाच्या शाळेत असा ठराव झाला असेल तर त्याची भाषा शुक्रवारपर्यंत इथं टाका.