मदत हवी आहे: इथरनेट ड्रायव्हरचा क्लॉक-रीसेटवाला 'साफसफाई' पॅच रिव्ह्यूला आलाय, हो म्हणू का अडवू?

शिरोलीकर:

मंडळी, एम्बेडेड लिनक्सवाले कोण असतील तर जरा वेळ काढून वाचा. लांब झालंय, पण तुकड्या-तुकड्यात सांगितलं तर डोक्यात बसणार नाही.

आम्ही कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना भट्टीचं तापमान आणि लोड नोंदवणारा डबा बनवून देतो. आत एआरएमचा एसओसी (एका चिपवरचा अख्खा कॉम्प्युटर), लिनक्स आणि आरजीएमआयआयवर (एसओसी आणि केबलच्या बाजूची 'फाय' चिप जोडणाऱ्या तारांवर) गिगाबिट इथरनेट. लाईट गेली की डबा बॅटरीवर जातो आणि थोड्या वेळानं सस्पेंड होतो, लाईट आली की रिझ्यूम. मॅक (एसओसीतला इथरनेटचा ब्लॉक) सिनॉप्सिसचं, पण ड्रायव्हर मेनलाइनमधला (मूळ लिनक्स कर्नलमधला) नाही, चिपवाल्यांनी दिलेल्या ट्रीतला (त्यांच्या कर्नल प्रतीतला) आहे आणि त्यातला क्लॉक-रीसेटचा भाग म्हणजे नुसता पसारा. प्रोबमध्ये (ड्रायव्हर हार्डवेअरला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रत्येक क्लॉक वेगळा घेतलाय, वेगळा चालू केलाय, प्रत्येकाखाली एरर चेक आणि तळाला गोटूंची (एरर आली की आवरायला मारलेल्या उड्यांची) ही मोठी रांग. तोच पसारा सस्पेंड-रिझ्यूममध्ये परत कॉपी-पेस्ट.

आता कर्नल नव्या व्हर्जनवर नेतोय म्हणून पुण्याच्या ऑफिसातल्या सिनियर सरांनी हे सगळं आवरलं. क्लॉक सगळे डेव्हएमच्या (ड्रायव्हर सुटला की घेतलेलं आपोआप सोडून देणारी कर्नलची सोय) बल्कवाल्या फंक्शननं एकदम घ्यायचे आणि एकदम चालू, रीसेट पण डेव्हएमच्याच 'डीअसर्टेड' हेल्परनं (असर्ट म्हणजे ब्लॉक रीसेटमध्ये धरणं, डीअसर्ट म्हणजे सोडणं). कोड निम्म्याहून कमी झाला, वाचायला एकदम झकास, खोटं कशाला बोलू. कमिट मेसेजमध्ये लिहिलंय 'फक्त रिफॅक्टरिंग, वागण्यात बदल नाही'. रिव्ह्यूअर मी.

माझं घोडं तिथंच अडलंय. जुन्या कोडमध्ये क्रम असा होता: आधी फायचा २५ मेगाहर्ट्झचा रेफरन्स क्लॉक चालू, १० मिलिसेकंद थांबा, मग बस क्लॉक आणि बाकीचे, मग रीसेट असर्ट, थोडं थांबा, डीअसर्ट, आणि मगच रजिस्टरला हात. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना) बरोबर उलटं, म्हणजे नेटडेव्ह (नेटवर्क इंटरफेस) काढून टाक, रीसेट असर्ट कर, शेवटी क्लॉक बंद. नव्यात रीसेट आधी घेतलाय आणि क्लॉक नंतर, मधली १० मिलिसेकंदं गायब, असर्ट तर कुठंच दिसत नाही. टेबलावर बोर्ड बूट होतोय, पिंग चालतंय, आयपर्फचा (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) आकडा तेवढाच. पण सस्पेंडमधून उठताना अधूनमधून 'फेल्ड टू रीसेट द डीएमए' (डीएमए म्हणजे मॅकचा मेमरीत डेटा ने-आण करणारा भाग) येतं आणि इंटरफेस वर येतच नाही. जुन्या कोडवर हे आम्ही कधी बघितलेलं नाही.

तर क्रम बदलल्यानं खरंच काय बिघडतंय का मी उगाच भुई धोपटतोय? आणि दुसरं म्हणजे सर वयानं आणि अनुभवानं मोठे, 'वागण्यात बदल नाही' हे त्यांचं वाक्य खोडायचं तर कसं लिहू?

---

गोटूमुक्त:

मेनलाइनमधला एसटीएममॅक (याच सिनॉप्सिस मॅकचा ड्रायव्हर) का वापरत नाही? वेंडर ट्री फेकून द्या. मेनलाइनवर आलात तर तुम्हाला ग्लू ड्रायव्हर (तो तुमच्या चिपला जोडणारा छोटा कोड) तेवढा लिहावा लागेल.

---

शिरोलीकर:

@गोटूमुक्त, मान्य आहे हो, पण फिल्डमध्ये डबे लागलेत, गिऱ्हाइकाला 'दिवाळीनंतर बघू' म्हणता येत नाही. तो विषय वेगळा धागा काढून बोलू.

---

बोर्डवाला:

उगाच धोपटत नाही आहात. डेव्हएमचा नियम साधा आहे, जे शेवटी घेतलं ते आधी सोडलं जातं, आणि हे सगळं ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर होतं. तुमच्या सरांनी रीसेट आधी घेतला आणि क्लॉक नंतर, म्हणजे निघताना क्लॉक आधी बंद होणार आणि रीसेट त्यानंतर असर्ट होणार. जुन्याच्या नेमकं उलटं. चालू करताना पण तेच, क्लॉक नसताना रीसेट सोडलाय. ब्लॉकच्या आत सिंक्रोनस रीसेटवाले फ्लॉप (क्लॉकच्या ठोक्यावरच बदलणारे बिट) असतील तर त्यांना रीसेट कळायलासुद्धा क्लॉकचे ठोके लागतात, त्यामुळे 'सोडला' म्हणजे आतलं सगळं ठिकाणावर आलंच असं नाही. उपाय एका मिनिटाचा आहे, प्रोबमध्ये दोन्ही कॉल्सची अदलाबदल करा, आधी क्लॉक मग रीसेट. निघतानाचा क्रम आपोआप सुधारतो, डेव्हएमची हीच तर मजा आहे.

असर्टचं मात्र आपोआप होणार नाही. तो डीअसर्टेडवाला हेल्पर घेताना फक्त डीअसर्ट करतो. यू-बूटनं (कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर) आधीच लाइन सोडून ठेवली असेल तर तुमच्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही, मॅक यू-बूटनं जसं टाकलं तसंच पुढं चालू. एसडी कार्डवरून बूट करून हे दिसणार नाही, टीएफटीपीनं (नेटवर्कवरून, म्हणजे यू-बूट मॅक वापरेल असं) कर्नल ओढून बघा, तिथं दिसायची शक्यता जास्त. पल्स (असर्ट करून परत सोडणं) हवाच असेल तर हेल्परच्या नादी न लागता साधा एक्सक्लुझिव्ह (फक्त तुमच्या ड्रायव्हरचा) रीसेट घ्या, हातानं असर्ट, थांबा, डीअसर्ट, आणि निघताना असर्ट करायला डेव्हएमची एक ॲक्शन लावून द्या. एक बघा, तुमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डवरचं हार्डवेअर सांगणारी फाइल) ती रीसेट लाइन दुसऱ्या कुठल्या ब्लॉकबरोबर शेअर्ड आहे का? शेअर्डमध्ये मोजणी असते, दुसऱ्यानं धरून ठेवलेली असली तर तुमच्या असर्टनं लाइन हलणारच नाही, आणि डीअसर्ट न करताच असर्ट मारलात तर कर्नल वॉर्निंग टाकतो.

---

तांबडा_पांढरा:

भावा, बोर्डवाल्यानं सांगितलं ते बरोबर पण तुझी रिझ्यूमची भानगड वेगळी वाटत्या मला.

या मॅकचा डीएमए सॉफ्टवेअर रीसेट म्हणजे एक बिट लिहायचा आणि तो आपोआप शून्य व्हायची वाट बघायची. तो शून्य व्हायला मॅकला सगळे क्लॉक लागतात, आणि आरजीएमआयआयमध्ये आरएक्स क्लॉक एसओसी देत नाही, फाय देतो. १००० ला १२५ मेगाहर्ट्झ, १०० ला २५, १० ला २.५. फाय झोपलेला असला किंवा नुकताच जागा होत असला की आरएक्स क्लॉक नाही, बिट तसाच राहतो, टाइमआउट, आणि मग तुझी ती एरर. आता तुझ्या फायला २५ मेगाहर्ट्झ कोण देतंय? एसओसीच की. जुन्या कोडमध्ये तो आधी चालू करून १० मिलिसेकंद थांबत होते ते काय हौस म्हणून नव्हे. बल्कमध्ये सगळे धडाधड चालू झाले, मधे श्वास घ्यायला जागा नाही, लगेच डीएमए रीसेट. बूटला वाचतंय कारण प्रोब आणि इंटरफेस अप होण्यात तसा बराच वेळ जातो. रिझ्यूममध्ये तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून कधी येतंय कधी नाही.

तो रेफरन्स क्लॉक बल्कमधून बाहेर काढ, वेगळा घे, आधी चालू कर, थांब, मग बाकीचे. किती थांबायचं ते फायच्या डेटाशीटमध्ये बघ, १० आकडा कोणी कुठून आणला हे कमिटमध्ये लिहून ठेव म्हणजे पुढचा माणूस परत उडवणार नाही.

आता पॅचमध्ये रनटाइम पीएम (काम नसताना डिव्हाइस झोपवणारी सोय) आहे का बघ. असला तर डोकेदुखी आहे. डेव्हएमनं चालू केलेला क्लॉक डेव्हएमच बंद करणार. रनटाइम सस्पेंडमध्ये तू हातानं बंद केलास आणि त्याच अवस्थेत ड्रायव्हर अनबाइंड झाला तर परत एकदा बंद करायला जाणार आणि लॉगमध्ये 'ऑलरेडी डिसेबल्ड' ची भली मोठी वॉर्निंग. रिमूव्हमध्ये आधी डिव्हाइस जागं करून घ्यावं लागतं.

आणि इंटरप्ट कुठं मागितलाय? प्रोबमध्ये डेव्हएमनं, क्लॉकच्या आधी, असं असलं तर निघताना क्लॉक आधी जाणार आणि इंटरप्ट मागून सुटणार. मधल्या काळात हँडलर चालला आणि त्यानं क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं तर बऱ्याच एसओसीवर बसच अडकतो, ना ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) ना लॉग, बोर्ड मेला एवढंच कळतं. इंटरप्ट लाइन शेअर्ड असेल तर कर्नलमध्ये डीबग-शर्क चालू करून मॉड्यूल काढून घाल. ते इंटरप्ट सोडताना मुद्दाम हँडलरला एकदा हाक मारतं. असला घोळ असेल तर तिथल्या तिथं उघडा पडतोय.

---

नवखा_कागल:

एक बाळबोध शंका, रागावू नका. क्लॉक चालू करायला प्रिपेअर आणि एनेबल असे दोन वेगळे कशाला ठेवलेत? एकच फंक्शन का नाही?

---

बोर्डवाला:

@नवखा_कागल, प्रिपेअर झोपू शकतं, म्हणजे पीएलएल (क्लॉक बनवणारं सर्किट) लॉक व्हायची वाट बघणं, आयटूसीवरून क्लॉक चिपशी बोलणं, असली कामं त्यात. एनेबल झोपत नाही, म्हणून ते इंटरप्ट हँडलरमधूनसुद्धा चालतं. प्रोबमध्ये दोन्ही एकदम करणारं फंक्शन वापरतात, तिथं तुम्हाला फरक जाणवणार नाही.

---

शिरोलीकर:

सगळ्यांचे लई आभार. करून बघितलं, जे दिसलं ते लिहितो.

डीबगएफएसमधली (कर्नलच्या आतली माहिती दाखवणारी जागा) क्लॉक समरी जुन्या आणि नव्या कर्नलवर काढून शेजारी ठेवली. पहिलीच गंमत म्हणजे पीटीपीच्या (नेटवर्कवरून वेळ जुळवायचा प्रोटोकॉल) क्लॉकपुढे नव्यात एनेबल काउंट १ आणि जुन्यात ०. आम्ही पीटीपी वापरतच नाही. 'बल्क गेट ऑल' म्हणजे डिव्हाइस ट्रीत जेवढे लिहिलेत तेवढे सगळे, त्यात हा पण चालू झाला. बॅटरीवर चालणाऱ्या डब्यात हे फुकटचं कशाला? तर 'वागण्यात बदल नाही' हे इथंच संपलं, वाद घालायची पण गरज नाही, दोन समऱ्या जोडल्या की झालं.

रेफरन्स क्लॉक बाहेर काढून १० मिलिसेकंद परत घातल्यावर स्क्रिप्टनं रात्रभर सस्पेंड-रिझ्यूम फिरवला, डीएमएची एरर एकदाही नाही. तेवढी ओळ काढून टाकली की परत येते. तांबडा_पांढरा, तुमच्या पायाचा फोटो पाठवा.

इंटरप्टचं जे म्हणालात ते जुन्या कोडमध्येच आहे! इंटरप्ट डेव्हएमनं, क्लॉक हातानं रिमूव्हमध्ये बंद, म्हणजे इंटरप्ट जिवंत असतानाच क्लॉक जातोय. लाइन शेअर्डच आहे, डीबग-शर्क लावून मॉड्यूल काढला, बोर्ड जागच्या जागी गप्प, सिरीयलवर एक अक्षर नाही. सरांच्या पॅचनं ते बिघडवलेलं नाही, पण सुधारलेलं पण नाही. रनटाइम पीएम नाहीये, ती कटकट वाचली. रीसेट लाइन शेअर्ड नाही. टीएफटीपीचं अजून बघायचंय.

एक गोष्ट मात्र सरांच्या बाजूनं लिहिलीच पाहिजे. जुन्या कोडमध्ये क्लॉक मिळाला नाही की 'नसेल' म्हणून नल करून पुढं जायचा, त्यात प्रोब डिफर ('अजून तयार नाही, नंतर परत या' हा निरोप) पण गिळला जायचा. क्लॉक ड्रायव्हर उशिरा आला की इथरनेट अर्धवट क्लॉकवर उभं राहायचं. नव्यात ते नीट परत जातंय.

आता राहिलं सरांना लिहायचं.

---

तांबडा_पांढरा:

फोटो नको, राजारामपुरीत मिसळ खायला घाल.

लिहिताना 'तुमचं चुकलं' असला सूर लावूच नको, पॅचचे तुकडे करायला सांग. पहिल्यात इंटरप्टची जुनी चूक, ती एकटी, कारण ती फिल्डमधल्या व्हर्जनला पण न्यावी लागणार. दुसऱ्यात प्रोब डिफर. तिसऱ्यात डेव्हएम, क्रम जुनाच ठेवून, रेफरन्स क्लॉक बाहेर, क्लॉक नावानं मागायचे, 'ऑल' नाही. असर्टचा पल्स काढायचाच असेल तर तो चौथा, आणि का चालतं ते कमिट मेसेजात. मग उद्या कुठं बिघडलं तर बायसेक्ट (कुठल्या कमिटनं बिघडलं ते शोधणं) नेमक्या तुकड्यावर येतं.

---

बोर्डवाला:

आणि क्लॉक समरीचे दोन्ही आउटपुट रिव्ह्यूमध्ये तसेच चिकटवा, खाली एवढंच लिहा: 'सर, पीटीपीचा क्लॉक आता चालू दिसतोय, मुद्दाम केलंय का?' बाकीचं ते स्वतःच काढतील. अनुभवी माणसाला आकडा दाखवला की पुरतो.

---

शिरोलीकर:

हे आवडलं. असंच टाकलंय आत्ता. टीएफटीपीवरून बूट करून काय दिसतंय ते उद्या इथंच लिहितो, तोवर धागा बंद करू नका.