पिकअपमध्ये टेप बसवला, चावी काढली की सगळं पुसतंय, वर शिट्टी. मदत हवी आहे

अंबड_लिंकरोड (रात्री ८.५२)
पिकअपला नवीन अँड्रॉइड टेप बसवला, ७ इंची. चालतो. पण चावी काढली की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, इक्वलायझर सगळं जातं, दर वेळी पहिल्यापासून लावा. दुसरं म्हणजे इंजिन चालू असलं की स्पीकरमधून शिट्टी येते, रेस दिली की चढते. पहाटे ४ ला पिंपळगावला माल भरायला जायचंय. लवकर सांगा. दुकानात जा म्हणू नका, आत्ता सगळी बंद आहेत.

ओझरची_वायर (८.५८)
कुठली पिकअप? पिवळी कुठे जोडली, लाल कुठे, काळी कुठे? स्पीकर किती, वेगळा अँप (अँप्लिफायर) आहे का?

अंबड_लिंकरोड (९.०१)
बोलेरो पिकअप. दोन दारांत दोन स्पीकर, अँप नाही. वायरी जिथे जोडायच्या तिथेच जोडल्यात.

द्वारका_सर्कल (९.०४)
तसं असतं तर धागा निघाला नसता भाऊ. पिवळी म्हणजे बॅटरीचा डायरेक्ट सप्लाय, चावी काढली तरी १२ व्होल्ट राहिले पाहिजेत, मेमरी त्यावरच असते. लाल म्हणजे चावीचा सप्लाय. काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारा मायनस. आता नक्की सांगा, पिवळी कुठे आहे?

अंबड_लिंकरोड (९.१०)
लाल-पिवळी एकत्र पिळून लायटरच्या सॉकेटच्या वायरीला. डॅशबोर्डमागे तीच सापडली. काळी स्टिरिओच्या पट्टीच्या स्क्रूला.

द्वारका_सर्कल (९.१३)
झालं. लायटरचा सप्लाय चावीबरोबर जातो, म्हणून पिवळीही मरते. पिवळी सोडवा, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, लाल तिथेच राहू द्या. पिवळीला बॅटरीच्या प्लसवरून १.५ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणा. फ्यूज १० अँपिअरचा, त्याचा होल्डर बॅटरीपासून वीतभराच्या आत, टेपाजवळ नाही. वाटेत वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी आणि फ्यूजमधला तुकडा कोणी वाचवत नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेताना भोकातल्या रबरी ग्रोमेटातूनच न्या.

ओझरची_वायर (९.१६)
बॅटरीपर्यंत कशाला? हॅझार्डच्या (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) फ्यूजवर चावीशिवाय सप्लाय असतो, तिथून घ्या. दहा मिनिटांचं काम.

द्वारका_सर्कल (९.१९)
साध्या एफएम टेपाला चालेल. अँड्रॉइड आवाज वाढवला की जास्त ओढतो, आणि तो फ्यूज उडाला की हॅझार्डही गेले. रात्री घाटात गाडी बंद पडली तर काय दाखवणार?

ओझरची_वायर (९.२१)
बरं, बॅटरीवरून घ्या. पण शिट्टीचं कारण तो पट्टीचा स्क्रू आहे. पट्टी रंगवलेली असते, डॅशबोर्ड प्लास्टिकचा, अर्थ मिळतोच कुठे? डॅशखालच्या पत्र्याचा रंग खरवडा, चकचकीत लोखंड दिसू द्या, वायरीच्या टोकाला लग (भोकाची धातूची टोपी) दाबून बसवा आणि बोल्टने आवळा.

द्वारका_सर्कल (९.२४)
अर्थसुद्धा थेट बॅटरीच्या मायनसवर न्यावा, बॉडीत गंज असतो.

ओझरची_वायर (९.२६)
आणि बॅटरीच्या मायनसवरून बॉडीला जाणारी जाड पट्टी ढिली झाली तर स्टार्टरचा करंट तुमच्या त्या बारीक काळ्या वायरीतून परत जाईल. टेप गेला म्हणून समजा. बॉडीलाच लावा.

सातपूर_साऊंड (९.३०)
शिट्टीवर एकच इलाज, नॉईज फिल्टर. अर्थिंगच्या भांडणात रात्र जाईल.

द्वारका_सर्कल (९.३२)
फिल्टर म्हणजे गळक्या नळाखाली बादली.

पाथर्डीफाटा (९.३५)
७ इंची घेतलाच आहे तर रिव्हर्स कॅमेरा लावून टाका. कॅमेऱ्याची लाल रिव्हर्स दिव्याच्या प्लसला, त्याच केबलमधली बारीक ट्रिगरची वायर टेपाच्या ‘बॅक’ लिहिलेल्या वायरीला. गिअर टाकला की चित्र येतं.

अंबड_लिंकरोड (९.३७)
कॅमेरा कोणी मागितला? शिट्टीचं बोला.

सिडको_चौक (९.४१)
शिट्टी शोधायची सोपी रीत. इंजिन चालू ठेवून आवाज शून्यावर करा. शून्यावरही शिट्टी राहिली तर सप्लाय, अर्थ किंवा स्पीकरच्या वायरींत दोष. गेली तर ती ज्या मार्गाने गाणं येतं तिकडून येतेय. मग ब्लूटूथवर एकदा, एफएमवर एकदा, ऑक्सवर (केबलने मोबाईल जोडून) एकदा ऐका. तिन्हींचं इथे लिहा.

निफाडी (९.४३)
एफएमला १०१.४, आकाशवाणी नाशिक. एवढ्यावर खरखर असली तर एरियलची जाडी पिन पूर्ण आत गेलेली नसते. डॅशकॅमचा स्वस्त चार्जरही एफएम खराब करतो.

अंबड_लिंकरोड (१०.०२)
शून्यावर शिट्टी नाही. ब्लूटूथवर नाही. एफएमवर नाही. ऑक्सवर आहे, तीही मोबाईल चार्जिंगला असला तरच.

सिडको_चौक (१०.०५)
मोबाईल लायटरमध्ये चार्जिंगला आणि ऑक्सही त्यालाच, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! चार्जरमधून मोबाईलला एक अर्थ, ऑक्सच्या केबलमधून टेपाचा दुसरा. दोन्हींत किंचित फरक असतो, तो फरक अल्टरनेटरबरोबर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) नाचतो आणि गाण्यात मिसळतो. आज ब्लूटूथवर जा, खर्च शून्य. ऑक्सच हवा असेल तर ३.५ एमएमचा ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थ एकमेकांपासून तोडणारी छोटी डबी) मधे लावा.

सातपूर_साऊंड (१०.०७)
म्हणजे फिल्टरच की. बादली म्हणे.

द्वारका_सर्कल (१०.०९)
आयसोलेटर वेगळा, सप्लायच्या वायरीवरचा फिल्टर वेगळा. असो. पण काळी वायर स्टिरिओच्या पट्टीवरून काढाच. आज शिट्टी देत नाही म्हणून उद्या देणार नाही असं नाही.

ओझरची_वायर (१०.१२)
आणि स्पीकरच्या काळ्या रेघेच्या, म्हणजे मायनसच्या वायरी बॉडीला जोडल्या नाहीत ना? या टेपांत दोन्ही टोकांवर आवाज असतो. मायनस पत्र्याला टेकला तर टेपातली आयसी (आवाजाची चिप) जळते. पांढरी डावा, राखाडी उजवा. हिरवी-जांभळी मागच्या स्पीकरच्या, त्यांच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावून ठेवा.

अंबड_लिंकरोड (१०.२०)
स्पीकर बरोबर आहेत. पिवळी बॅटरीला जोडली तर बॅटरी उतरणार नाही ना? दोन-दोन दिवस गाडी उभी असते.

सिडको_चौक (१०.२६)
टेप नीट झोपत असेल तर नाही. मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून पिवळीच्या फ्यूजच्या जागी लावा, चावी काढा, पाच मिनिटं थांबा. ०.०२ च्या आसपास आलं तर बिनघोर. ०.३ दाखवलं तर ४८ तासांत १४ अँपिअर-अवर गेले, जुनी बॅटरी सकाळी टकटक करेल. मग सेटिंगमध्ये ‘स्लीप’चा वेळ कमी करा. तरी आकडा न उतरल्यास टेपच बदलून मागा.

अंबड_लिंकरोड (१०.५८)
शेजारच्या वर्कशॉपातून वायर आणि होल्डर मिळाला. घड्याळ टिकलं. होल्डरमध्ये १५ अँपिअरचा फ्यूज आहे, १० चा नाही. चालेल का?

द्वारका_सर्कल (११.०१)
फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. बॅटरीपासून आणलेल्या १.५ ला १५ चालतो. टेपाची पिवळी मात्र बारीक असते. टेपाच्या पाठीमागे बघा, तिथे वेगळा छोटा फ्यूज असेल तर आज जा. नसेल तर १० चा मिळेपर्यंत पिवळी सोडून ठेवा.

अंबड_लिंकरोड (११.०६)
मागे आहे, १० चा.

पाथर्डीफाटा (११.०९)
टेप बाहेर काढलाच आहे तर ती ‘बॅक’ची वायर तेवढी पुढे ओढून ठेवा.