चिकटणं वेगळं, शिरणं वेगळं

कोरोना विषाणूच्या अंगावरचं काट्यासारखं प्रथिन, म्हणजे स्पाइक, आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटला की कोरोना आत शिरलाच, असं म्हटलं जातं. इतकं सोपं नाही हो ते. चिकटल्यावर स्पाइक कापला जावा लागतो, तेव्हाच विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं. फुफ्फुसाच्या पेशींत हे काम टीएमपीआरएसएस-२ नावाचं विकर (एन्झाइम) पेशीच्या पृष्ठभागावरच उरकतं. प्रयोगशाळेतल्या व्हेरो पेशी माकडाच्या मूत्रपिंडातल्या. त्यांत हे विकर जवळपास नसतंच. मग विषाणू एंडोसोममधून, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या पिशवीतून जातो आणि तिथल्या आम्लात कॅथेप्सिन हे दुसरं विकर स्पाइक कापतं. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध नेमकी ती आम्लता घालवतं. म्हणून २०२० मध्ये व्हेरो पेशींत ते भारी ठरलं आणि माणसाच्या फुफ्फुसपेशींत फुसकं! बाकी, मर्स या दुसऱ्या कोरोना-आजाराचा विषाणू एसीई-२ ला विचारतही नाही. त्याला पेशीवरचं डीपीपी-४ हे वेगळं प्रथिन लागतं.