पंखा जमला, मिक्सरचा कपलर मात्र निघत नाहीये

मंडळी, आधी थोडी फुशारकी, मग प्रश्न.

आमचा छताचा पंखा दोनेक महिने पाचावर ठेवला तरी एकवर असल्यासारखा फिरत होता. कधीकधी तर काठीने ढोसल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. दुरुस्तीवाल्याने खालूनच बघून निकाल दिला, "जुना झालाय, नवा घ्या." हे मला का कोण जाणे, वैयक्तिक लागलं. रविवारी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढलो, दांड्यावरची वाटी सरकवली. आत अंगठ्याएवढा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून मोटरला फिरायला जोर देणारा भाग. त्यावर छापलंय २.५ मायक्रोफॅरड, माझा मल्टिमीटर दाखवतोय १.३! नवा आणला, दोन वायरी जोडल्या, वाटी वर सरकवली. बटण दाबलं तर टेबलावरची बिलं उडून सोफ्याखाली गेली.

मी कितीतरी वेळ मान वर करून बसलो होतो. बायकोने विचारलं, "काय बघतोयस?" म्हटलं, "पंखा."

अंगात आल्यामुळे आता मिक्सर घेतलाय. ज्यावर भांडं बसतं त्या कपलरचे दात झिजलेत. पक्कडीने चार दिवस झटतोय, पण तसूभर हलत नाही. काय चुकतंय?

वाकडा_खिळा:
कुठल्या बाजूला फिरवताय? नेहमीसारखं डावीकडे असेल तर तुम्ही चार दिवस तो आवळताय :) बहुतेक मिक्सरच्या कपलरला उलटे आटे असतात, नाहीतर मोटर फिरताना तो आपोआप सुटून आला असता. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. प्लग काढून ठेवा, मिक्सर उलटा करून खालचं झाकण उघडा. मोटरच्या शाफ्टच्या (दांड्याच्या) टोकाला बहुधा खाच असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून शाफ्ट धरून ठेवा, म्हणजे सगळंच गरगर फिरणार नाही.

आणि कपलर झिजला म्हणून मिक्सरला नावं ठेवू नका. तो मुद्दाम मऊ असतो. भांड्यात काही अडकलं तर मोटर जळण्याआधी त्याचे दात जावेत, एवढ्यासाठीच.

उंटावरचा_शहाणा:
पंख्या-मिक्सरचं ठीक आहे हो. मी फोनची बॅटरी बदलायला गेलो, ती गोंदाने अशी चिकटवलेली की उचकटताना पडदा फुटला. यात माझा हात वाईट की बनवणाऱ्याची नियत? १९२४ साली बड्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाची युती केली आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणून बांधलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! आपण स्टुलावर चढून काय उजेड पाडणार? युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी ग्राहकाला काढता यावी असा नियम लागू होतोय, त्यातही पळवाटा आहेतच.

सुईदोरा:
@उंटावरचा, कंपन्यांचं खरंय, पण इथे पंखा खालून बघूनच मोडीत काढला होता तो दुरुस्तीवाल्याने, हेही आहेच ना.

धागाकर्ते, तुमचा उत्साह बघून एकच सांगते. पुढचा नंबर मायक्रोवेव्हचा लावू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून राहू शकतो. मी घरातलं सगळं उघडते, अगदी शिलाई मशीनची मोटरसुद्धा, पण त्याला हात लावत नाही.

धागाकर्ता:
खिळेबुवा, निघाला!! काट्यांच्या दिशेने एक हिसका, 'कट्' आवाज, आणि हातात. चार दिवस आवळल्याचं घरी सांगितलेलं नाही.

सुईदोरा, मायक्रोवेव्हचं लक्षात ठेवतो (खरं सांगायचं तर डोळा होता त्यावर).

नवा कपलर बसवला, मिक्सर व्यवस्थित चालतोय. फक्त ताटलीत एक वॉशर उरलाय, पितळेचा, चपटा. कुठला असेल?