कॅरिबियनमध्ये स्कूबासाठी कुठलं बेट? तिकिटं दोन दिवसांत काढायची आहेत

निळाई:
मदत हवी आहे, आणि घाई आहे. कॅरिबियनमध्ये स्कूबा डायव्हिंगला जायचं आहे. मेक्सिकोचं कोझुमेल, बोनेर, होंडुरासचं रोआतान, बेलीझ, ग्रँड केमन अशी सगळी नावं वाचून झाली, व्हिडिओ बघून झाले. प्रत्येकाला आपलंच बेट सर्वात भारी वाटतं. तीन आठवडे रोज रात्री हेच चाललंय आणि तिकिटं रोज महाग होतायत. कृपया एकच नाव सांगा. 'तुमच्या आवडीवर आहे' असं नको.

खारावारा:
बोनेर. डोळे मिटून जा. तिथला समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. पिकअप गाडी भाड्याने घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे आणि रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर डाइव्हच्या जागांची नावं रंगवलेली असतात, ती वाचत जायचं. आवडेल तिथे गाडी थांबवून पाण्यात उतरायचं. बोट नको, कुणाची वेळ पाळायला नको. मी तीनदा गेलोय, चौथ्यांदाही जाणार.

वाळूचा किल्ला:
ताई, महिना कुठला? निघणार कुठून? किती जण? आतापर्यंत किती डाइव्ह झाल्यात? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

निळाई:
डिसेंबरचा शेवटचा आठवडा, न्यू जर्सीहून, सहा रात्री. मी आणि नवरा. दोघांनीही स्कूबा केलेलं आहे. आता सांगा.

डॅलसकर:
मग कोझुमेल! बोनेरला किनाऱ्यावरच्या प्रवाळाच्या तुकड्यांतून पाठीवर सिलिंडर घेऊन चालत जायचं, माझा पाय मुरगळला होता तिथे. कोझुमेलला बोट सोडते, प्रवाह आपल्याला पालंकार नावाच्या प्रवाळाच्या कड्याकडेने नेतो आणि वर आलो की बोट हजर. पाय मारायचीही गरज नाही. शिवाय खर्च कमी.

खारावारा:
प्रवाह नेतो हे खरं, पण कुठे नेतो ते नवख्याला कळत नाही. कोझुमेलला माझी बायको पहिल्याच डाइव्हला गटापासून तुटली. वर येऊन खुणेचा फुगा सोडला तेव्हा बोटीला दिसली. ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. बोनेरला चक्रीवादळं क्वचितच येतात, पण डिसेंबरात तो मोसम सगळीकडेच संपलेला असतो, तेव्हा त्या मुद्द्यावर मी बोनेरची बाजू लावून धरत नाही.

डॅलसकर:
एका प्रसंगावरून अख्खं बेट बाद करू नका. आणि बोनेरच्या प्रवाळावर २०२३ पासून रोग आलाय, तेही सांगा की.

खारावारा:
आलाय. दगडी प्रवाळांचा तोच रोग, २०१४ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला आणि कॅरिबियनभर पसरला. कोझुमेलही सुटलेलं नाही. म्हणूनच एका ठिकाणचं सामान नीट निर्जंतुक केल्याशिवाय दुसरीकडे वापरू नये.

मोदकप्रिया:
जेवणाचं काय ते आधी बघा. बेटांवर शाकाहाराचे हाल होतात. थेपले, दशम्या, मेतकूट बरोबर ठेवा. आम्ही अरूबाला राइस कुकर नेला होता.

निळाई:
मोदकप्रिया, आम्ही मासे खातो. तरी धन्यवाद. बेलीझबद्दल कुणीच बोललं नाही. मला तिथलं ते ग्रेट ब्लू होल, समुद्रातलं प्रचंड गोल विवर, बघायचं आहे.

वाळूचा किल्ला:
'स्कूबा केलेलं आहे' म्हणजे काय? कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड आहे का?

निळाई:
माझं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचा कोर्स, अंदमानात झालंय, सात डाइव्ह. नवऱ्याने तारकर्लीला केलं.

वाळूचा किल्ला:
यासाठीच विचारत होतो. तारकर्लीला पर्यटक करतात ती चाचणी डाइव्ह. प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो, फोटो काढतो. त्याचं कार्ड मिळत नाही, आणि कार्ड नसेल तर बोनेरला सिलिंडर भाड्याने मिळणार नाही. ब्लू होल १२० मीटरपेक्षा खोल आहे. जे लवणस्तंभ बघायला लोक जातात ते चाळीस मीटरच्या आसपास, आणि तुमच्या कार्डाची मर्यादा अठरा मीटर. विमानातून बघा, सुंदर दिसतं.

देवबागचा:
तारकर्लीला कमी लेखू नका. पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तिथेच आहे, रीतसर कोर्स होतात. आमच्याकडची पोरं तिथे शिकून डाइव्हमास्टर झाली.

वाळूचा किल्ला:
कमी लेखत नाही, मीही पहिल्यांदा तिथेच पाण्याखाली श्वास घेतला. त्यांच्या नवऱ्याने कोर्स केला नाही, एवढंच.

एडिसनची माई:
अगं, एक विचारू? पासपोर्ट भारतीय का? व्हिसा कुठला?

निळाई:
भारतीय. माझा नोकरीचा एच१बी, नवऱ्याचा त्यावर अवलंबून असलेला एच४. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प मार्चमध्ये संपला, पण एक्स्टेन्शन मंजूर आहे, मंजुरीचा कागद आय-७९७ आणि मुक्कामाची नोंद आय-९४ हातात आहेत. त्याचा डायव्हिंगशी काय संबंध?

एडिसनची माई:
सगळा संबंध तिथेच आहे बाळा! स्टॅम्प संपलेला असताना बोनेर, बेलीझ, केमन, होंडुरास कुठेही गेलीस तर परत येण्याआधी अमेरिकेच्या वकिलातीत नवा स्टॅम्प घ्यावा लागेल. तीस दिवसांच्या आतल्या प्रवासाला संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सवलत आहे ती एच१बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी. पण मेक्सिको भारतीयांना व्हिसाशिवाय घेतं ते अमेरिकेसारख्या ठराविक देशांचा व्हिसा चालू असेल तरच. म्हणजे कोझुमेललाही आधी मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. माझ्या भाच्याची बायको अशीच अडकली, सात आठवडे मुलगा इकडे आणि ती तिकडे. तिकीट काढू नकोस.

निळाई:
अरे देवा. आज रात्री बोनेरचं काढणारच होते. मग आता काय? कॅरिबियन रद्द?

वाळूचा किल्ला:
रद्द कशाला? सेंट क्रॉय. यूएस व्हर्जिन आयलंड्स हा अमेरिकेचाच प्रदेश, म्हणजे देश सोडल्यासारखं होत नाही. परतताना विमानतळावर कागद तपासतात, म्हणून पासपोर्ट, आय-९४, आय-७९७ जवळ ठेवा आणि कंपनीच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. फ्रेडरिकस्टेडच्या धक्क्याखाली खोली फार नाही, खांबांवर स्पंज आणि नशीब असेल तर समुद्रघोडे. उत्तरेला केन बेला किनाऱ्यावरून पोहत कड्यापर्यंत जाता येतं. हिवाळ्यात उत्तरेकडून लाटा येतात, त्या दिवशी पश्चिमेला धक्क्यावर जायचं. साधं सनस्क्रीन नेऊ नका, ऑक्सिबेन्झोन असलेल्यावर तिथे २०२० पासून बंदी आहे.

डॅलसकर:
प्वेर्तो रिकोही चालेल, तेही अमेरिकेचंच, तिथला ला पार्गेराचा कडा. पण किनाऱ्यावरून उतरायचं असेल तर सेंट क्रॉयला माझंही मत.

निळाई:
आणि नवऱ्याचं?

वाळूचा किल्ला:
थिअरी आणि तलावातला भाग न्यू जर्सीत नोव्हेंबरात उरकून घ्या, तिथून रेफरलचा कागद मिळतो. उरलेल्या चार समुद्रातल्या डाइव्ह बेटावर दोन दिवसांत होतात. तिथल्या दुकानाला आधी फोन करा, नाताळात जागा भरतात. शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान अठरा तास हवेत, म्हणून शेवटचा दिवस बक आयलंडला नुसतं स्नॉर्केलिंग करा.

निळाई:
वकिलाला मेल टाकली. त्याचं उत्तर आलं की लगेच तिकिटं. माई, तुम्ही विचारलं नसतं तर मी हे सांगितलंच नसतं. मनापासून आभार.

देवबागचा:
भारतात आलात की नवऱ्याला घेऊन तारकर्लीला या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी स्वच्छ असतं.

मोदकप्रिया:
सेंट क्रॉयला राइस कुकर चालेल, प्लग अमेरिकेचाच आहे.