पहिल्या फुल मॅरेथॉनआधीचा आठवडा: तुमचा कसा गेला?

कांचनगंगा
काल रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मावशी, गुडघ्यात काहीतरी होतंय गं. रविवारी कशी धावू?" परवापर्यंत ठणठणीत होती पोरगी! तिला धीर दिला, फोन ठेवला आणि 2018 ची संक्रांत आठवली. तेव्हा संक्रांत रविवारी आणि मुंबईची फुल त्याच्या पुढच्याच रविवारी, 21 जानेवारीला. सकाळी सरावातले शेवटचे 12 किमी धावून आले आणि सोमवारपासून सगळं दुखायला लागलं. पोटरी, टाच, चक्क खांदासुद्धा. तीन आठवड्यांपूर्वी 32 किमी केले तेव्हा यातलं काही नव्हतं. त्या आठवड्यात पायांना विश्रांती द्यायची होती, पण बुधवारी रात्री राहवेना, बूट घालून जिन्यात उभी राहिले, म्हटलं पाचेक किमी करूनच येते. सासूबाई दारात आल्या. "पेरून झालंय ना? मग रोज उकरून बघू नकोस." परत फिरले.

तुमचं सांगा. भाचीला वाचायला देणार आहे.

डोंबिवलीकर
गुरुवारी वजन दीड किलो जास्त! रडकुंडीला आलो होतो. नंतर कळलं, स्नायूंत ग्लायकोजेन (धावताना वापरायचा साखरेचा साठा) साठतं तेव्हा दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. म्हणजे ती शिदोरीच. भाचीला म्हणावं, काटा माळ्यावर टाक.

सातारकरीण
संक्रांतीत वेगळं कार्बोलोडिंग (शर्यतीआधी भात-पोळी जास्त खाणं) कशाला, गुळाच्या पोळ्या आहेत की :) तूप मात्र बेतानं, आणि शनिवारी नकोच. शनिवारी मऊ वरणभात, रात्री सातच्या आत. कुकर झालाय, येतेच.

पहाटपक्षी
बीब (छातीवर लावायचा नंबर) आणायला बीकेसीच्या एक्स्पोत शनिवारी जाऊ नका!! मी गेलो, तीन तास उभा, पाय तिथेच भरून आले. आणि तिथे घेतलेले नवे बूट रविवारी अजिबात घालू नका. गुडघा सुजला असेल किंवा चालतानाही दुखत असेल तर मात्र फिजिओला दाखवा, अंगावर काढू नका.

नवखा
माझीही यंदा पहिलीच. झोप लागत नाहीये. पेडर रोडच्या चढाची फार भीती वाटते.

डोंबिवलीकर
नवखा, शुक्रवारची झोप पुरी घे, शनिवारी डोळा नाही लागला तरी निभावतं. मी धावलो तेव्हा पेडर रोड दोनदा लागला. जाताना अंधारात कळलाही नाही, परतताना 35 किमीनंतरचा चढ खरा. पण तिथे लोक घरातून उतरून संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की घेऊन उभे होते. एका आजींनी हातावर तिळगूळ ठेवला होता. चढ संपला तरी माझ्या मुठीतच होता तो.

नवखा
दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सातारकरीण
आले. भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. लिंबू-मीठ-साखर घ्या अधूनमधून. काखेत, मांड्यांना व्हॅसलिन. मला आंघोळ करताना कळलं होतं कुठे कुठे सोललंय ते.

अंगणवेल
मी नाही धावत, नवरा धावतो. त्याच्या पहिल्या वेळी लेकीला सर्दी झाली होती. तिनं आपणहून खोलीच्या दाराला चिठ्ठी लावली, "बाबा रविवारपर्यंत आत येऊ नका." दुसरीत होती. चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे.

कांचनगंगा
अंगणवेल, किती गोड! भाचीनं सगळं वाचलं. आज जिना उतरताना गुडघा दुखला नाही म्हणे, उद्या हळूहळू चार किमी करणार आहे.
सातारकरीण, सारणात बेसन किती घालता? माझी पोळी तव्यावर फुटते.

सातारकरीण
पाव किलो गुळाला दोन मोठे चमचे, खमंग भाजून. चिक्कीचा गूळ नको, साधाच घ्या.